पदरचं वाक्य

साहेब : ...म्हणजे भाषांतराचं यंत्र पदरचं घालतंय! इंग्रजीत एकच वाक्य आहे, ‘प्रेस बंद केल्याशिवाय हात आत घालू नका.’ कोरियन भाषांतरात दोन कशी झाली?

तपासनीस : दुसरं मी सांगते. ‘सावकाश करा, काम कुठे पळून जात नाही.’

साहेब : हे मूळ मजकुरात आहे?

तपासनीस : नाही.

साहेब : मग बरोबर म्हणून पुढे कसं पाठवलंत? धोक्याच्या दर सूचनेला हेच शेपूट! उद्या ग्राहकाला काय दाखवू, माझं कपाळ?

तपासनीस : यंत्राने ते मनाने नाही घातलं. शिकलंय ते.

साहेब : कुणाकडून?

तपासनीस : माझ्या बाबांकडून. यंत्राला शिकवायला तुम्ही जुनी कोरियन भाषांतरं घेतलीत ना, कारखान्यांची माहितीपुस्तकं? निम्मी त्यांची आहेत. काकांची बोटं कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली, तेव्हापासून बाबा प्रत्येक सूचनेखाली हे वाक्य घालायचे. छापखानेवाला ओरडायचा, मालक ओरडायचा. बाबा ढिम्म!

साहेब : वाईट वाटलं ऐकून, बाई. खरंच. पण भाषांतरकाराने असला आगाऊपणा करायचा नसतो. उद्या हेच यंत्र औषधाच्या बाटलीवर काहीबाही लिहील. मग?

तपासनीस : ते मीच खोडेन. पगार त्याचाच घेते.

साहेब : मग हेही खोडा.

तपासनीस : नाही.

साहेब : बाबांची सगळी पुस्तकं काढून यंत्राला नव्याने शिकवायला लावीन.

तपासनीस : लावा. मग प्रेसवरच्या माणसाला कळेल असं कोरियन यंत्राला कोण शिकवतंय, तेही बघा.

साहेब : दुसऱ्या कुणाकडून खोडून घेईन! तुमची नोकरी जाईल, कळतंय का?

तपासनीस : गेली तर गेली. बाबांना जाऊन वर्ष झालं, साहेब. घरात त्यांचं बोलणं कुठेच उरलेलं नाही, ते इथे उरलंय. मला फार आठवण येते त्यांची. माझ्या हाताने मी ते पुसणार नाही.



साहेब : अहो, मी काय तुमच्या वाईटावर आहे का? पण भाषांतर मुळाशी जुळायला नको?

तपासनीस : जुळायलाच हवं. म्हणून तर म्हणते, ग्राहकाला मूळ दुरुस्त करायला सांगा.

साहेब : मूळ? इंग्रजी? आणि काय म्हणून सांगू?

तपासनीस : सांगा, तुमच्याकडून एक वाक्य लिहायचं राहून गेलंय.