रिपोर्टमधलं रक्त

नाही हो काकू, तो लाल दिवा आमचाच — आत माझ्या सासूबाई आहेत, गुडघा बदलतायत, दीड तास म्हणाले होते, आता तीन होत आले. घाबरलेय? छे, माझा चेहराच असा आहे, लग्नाच्या फोटोतही असाच आलाय, चारच महिने झालेत. आणि डॉक्टर म्हणाले ना, यांना रक्त चढवावं लागायचं नाही. कसं कळतं म्हणजे? वय, वजन, हिमोग्लोबिन कॉम्प्युटरमध्ये घालतात, मग रक्त लागायची शक्यता किती टक्के ते तो सांगतो. आमचे चार आले. म्हणून बाटली राखूनच ठेवली नाही. हिमोग्लोबिन तेरा, आणि या वयात — डॉक्टरांनी कौतुकच केलं! सासूबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. एरवी भाजीत मीठ जास्त झालं तरच माझ्याकडे वळतात.

आधी दोनदा ऑपरेशन पुढे ढकललं होतं, रक्त कमी म्हणून. लोहाच्या गोळ्या दिल्या, तर पोट साफ होत नाही म्हणून त्या कुंडीत — झाड मात्र काय तरारलंय! संडासापर्यंत भिंत धरून जायच्या, मधेच थांबून रडायच्या, कुणी बघत नाही असं समजून. मी बघायचे. म्हणून लॅबचा माणूस घरी आला, पेशंट कोण म्हणाला, तेव्हा त्यांनी मलाच खुर्चीत ढकललं — "ही" — आणि मी मुकाट हात पुढे केला. वय? त्याने मान वर केली तर ना! "एकाच घरचं रक्त गं," म्हणाल्या नंतर. इतकं आपलं मला त्या घरात कुणी म्हटलं नव्हतं. बरं वाटलं हो.

हे मी तुम्हाला कशाला सांगत बसलेय? ह्यांनाही ठाऊक नाही, ते खाली चहाला गेलेत. मी दोनदा सांगायला म्हणून त्या दारापाशी गेले आणि परत फिरले. शपथ घातलीय सासूबाईंनी — आणि खरं सांगू? उद्या मला त्याच घरात राहायचंय.

काय? गट? रक्तगट रिपोर्टवर आहे की, तो पण — थांबा. तोही माझाच.

दार उघडलं. वॉर्डबॉय चिठ्ठी घेऊन पळतोय — रक्त आणायला म्हणाला ना? दादा! अहो दादा, ती चिठ्ठी — गेला. लिफ्ट मिटली. काकू, तुम्ही दाबा ती बेल. काय सांगायचं म्हणजे? सांगा — तो गट सुनेचा आहे.