वडिलांचं जुनं पिस्तूल

पोलीस ठाण्याच्या बाकावर एका बाईंनी आपल्या भावाची बाही इतकी घट्ट धरली होती, की त्यांची नखं पांढरी पडली होती.

“ताई, परत चल. बाबांचं पिस्तूल शंभर वर्षं जुनं आहे. त्याला कोण विचारतंय?”

“गोळीला वय कळत नाही. परवाना बाबांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. ते गेल्यापासून पिस्तूल जमा करायचं तू टाळतोयस.”

“मला आत टाकतील गं! आणि गोळ्यांचं मॅगझिन काढून ठेवलंय मी.”

“नळीत चढलेली गोळी काढलीस?”

“मॅगझिनशिवाय कसं चालेल ते?”

“काही नवी पिस्तुलं तशी चालत नाहीत. हे चालतं, बाबांनीच सांगितलेलं. कुठे ठेवलंयस?”

“कपाटात, खालच्या कप्प्यात.”

“आणि तुझी पोरं घरात एकटी?”

तो ताडकन उठला.

“हवालदारसाहेब, वडिलांचं पिस्तूल घरी आहे. भरलेलं असेल. आत्ताच्या आत्ता चला, घेऊन जा.”