यादीबाहेरची शाळा

नाही नाही, आणखी नको ताई, तुमच्या खानावळीत वाढतातच फार, आधीचंच संपलेलं नाही. चुन्यो घाला हवं तर, एकदोन — सुकवलेल्या बटाट्याला आमच्या अरेकिपा शहरात ही चव येत नाही. काम? सांगितलं ना काल, विद्यापीठाचं. डोंगरातल्या गरीब घरच्या मुलांनी शिकायला यावं म्हणून शाळाशाळांतून फिरायचं, अर्ज भरून घ्यायचे. इथल्या वरच्या सगळ्या शाळा माझ्याकडेच आहेत. म्हणजे यंदापासून. आधी निम्म्याच होत्या.

निम्म्या का? असं बघा, आम्ही वर्षानुवर्षं पत्रकं वाटायचो, भाषणं ठोकायचो, पण त्यानं मुलं येतात की नुसते आपले पाय दुखतात, कुणाला ठाऊक? मग आमच्या डॉक्टर इर्माबाईंनी अभ्यास काढला. ऐंशी शाळा घेतल्या, संगणकानं चिठ्ठ्या काढल्या. चाळीस शाळांत मी जायचं, प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या नावाचं पत्र द्यायचं — तुझी परीक्षेची फी माफ आहे, वसतिगृहात जागा आहे, पंधरा तारखेच्या आत अर्ज कर — आणि घरी आईला फोन करून तेच तिच्या केचुआ भाषेत सांगायचं. उरलेल्या चाळीस शाळांकडे फिरकायचं नाही. मग दोन्हीकडचे अर्ज मोजायचे. फीमाफी सगळ्यांनाच होती हं, त्या चाळिसांनाही. फक्त त्यांना कुणी जाऊन सांगायचं नव्हतं. — असं तोंड करू नका ताई. पत्रवाल्या शाळांतून शंभरातली एकतीस मुलं आली आणि दुसरीकडून बारा. हे दाखवलं म्हणून तर आज ऐंशीच्या ऐंशी शाळांना पत्र जातं. नाहीतर कुणी ऐकलं असतं आमचं? बाईंचं काही चुकलं नाही. मी अजूनही तेच म्हणेन.

चुकलं ते — एक सहकारी होता माझा. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. खालच्या, रस्त्यावरच्या शाळेत तो पत्रं वाटत होता. मधल्या सुटीत एक मुलगी आली. सतरा वर्षांची असेल, शाळेचा गणवेश, पायात टायरच्या चपला, गुडघ्यापर्यंत चिखल. वरच्या हातुनपाताहून तीन तास चालत आलेली. म्हणाली, "साहेब, माझी मावसबहीण इथे शिकते, तिला पत्र मिळालंय. आम्हाला पण आहे का?" आता हातुनपाता पडलं पत्रांच्या यादीबाहेर. तर तो काय सांगणार? नियम तो नियम. तो म्हणाला, "मला काही माहीत नाही, तुझ्या मुख्याध्यापकांना विचार." ती म्हणाली, "त्यांनाच विचारून आले, त्यांनाही माहीत नाही." मग मी म्हणालो, "मग नसेल तुमच्यासाठी," आणि कागदांत डोकं घातलं — तो. तो म्हणाला.

काय? नाही, मी 'तो'च म्हणालो.

बरं. मी म्हणालो.

आणि नियमाचं म्हणाल तर तेही खरं नाही. नियमांच्या वहीत बाईंनी स्वतः लिहून ठेवलं होतं — कुणी आपणहून विचारलं तर खरं ते सांगायचं. चौथ्या पानावर, मी पाठ केलं होतं ते. पण मला वाटलं, ही एकटी थोडीच राहणार आहे? वर जाईल, अख्ख्या वर्गाला सांगेल, तिकडचेही अर्ज वाढतील आणि फरक दिसायचा नाही. फरक दिसला तर माझी नोकरी कायम होणार होती. झालीही. निकाल मांडला तेव्हा टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. तक्त्यात हातुनपातापुढे शून्य होतं, आणि ते शून्य कुठून आलं ते त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

त्या मुलीचं नाव नायदा. हो, मला ठाऊक आहे. मुद्दाम तुलाच शोधत आलो मी इथे शुक्रवारी. तू ओळखलंस? पहिल्याच दिवशी? मग बोलली का नाहीस? — मी आधी बोलायचं? ... नाही, बरोबर आहे. मागच्या वेळी तूच आधी बोलली होतीस.

हे बघ, अर्ज आणलाय. बाविसाव्या वर्षापर्यंत चालतो, तू एकविसाचीही नाहीस. मी स्वतः तुझ्याबरोबर खिडकीपर्यंत येईन, तुला कुठे — ऐकतोय, बोल. बाकीचे? कुठले बाकीचे? अकरा? मला वाटलं तू एकटीच... वर्गानं पाठवलं होतं तुला? तू स्पॅनिश नीट बोलतेस म्हणून? आणि तू परत जाऊन सांगितलंस — नसेल आपल्यासाठी. माझेच शब्द. मग सुटीत तुझी मावसबहीण गावात आली आणि म्हणाली, ते तर सगळ्यांनाच होतं. देवा! मग त्यांना वाटलं, तूच लपवलंस? दोघं सोन्याच्या खाणीवर गेली... एक अरेकिपात कुणाकडे धुणीभांडी करते... आणि त्यांच्या आया? अजून बोलत नाहीत तुझ्याशी? तुझ्या आईशीही? म्हणून तू गाव सोडून इथे खाली, खानावळीत... मी समजत होतो, तू शिकली नाहीस एवढंच.

मी पत्र लिहितो त्यांना. शिक्का मारून, सहीनिशी, की पोरीनं काही लपवलं नाही — पत्र नको? मग? सभा? आज? चार वाजता, सगळं गाव? अगं पण सगळ्यांसमोर, एकदम... आणि माझं केचुआ फोनवर वाचून दाखवण्यापुरतं. — हो. "मी खोटं बोललो" एवढं येतं मला. येतं.

तू येशील ना बरोबर? — नाही. बरं. बरोबर आहे.

त्या रस्त्यावरच्या शाळेपर्यंतची गाडी कितीला सुटते? मग पुढे हातुनपाताचा तो चढ. अर्ज ठेवून जाऊ? ... उचलतो, उचलतो. आधी सभा, मग अर्ज. कळलं. हो, उठतो. या आजी, बसा इथे. मी निघालोच होतो.