घारीच्या सहीबाबत

विषय : कॅनडात एडमंटनजवळ मुलाच्या घरामागे, विजेच्या खांबावर मासेखाऊ घारीने बांधलेले घरटे हलवण्याबाबत.

उपरोक्त विषयी सांगतो. पूर्वी कीटकनाशकांनी संपत आलेली ही घार आमच्या तळ्यावर परतली, ती थेट तारांवरच. ओली काडी तारेला टेकली असती, तर अंड्यांसकट सगळं जळालं असतं. सून म्हणाली, “बाबा, वीज कंपनीकडे अप्लाय करा ना.”

माझी नोकरी अर्ज तपासण्यात गेली. ज्याचं काम, त्याचं नाव. ‘अर्जदार’ या रकान्यात मी लिहिलं : घार, सहकुटुंब.

कंपनीतल्या बाईंचा फोन आला, अर्जदाराची सही राहिली आहे म्हणून.

सुनेने कपाळावर हात मारला. “अहो बाबा, तिथे तुमचं नाव लिहायचं!”

“का? घरटं माझं आहे?”

कंपनीची माणसं मात्र कागदासाठी थांबली नाहीत. त्यांनी शेजारी बिनतारांचा खांब रोवला, वर फळी ठोकली आणि घरटं अलगद तिथे ठेवलं. दोन पिल्लं निघाली, उडायलाही लागली.

सप्टेंबरअखेर बाईंचा पुन्हा फोन. सहीचं काय झालं?

म्हटलं, “अर्जदार हिवाळ्यासाठी दक्षिणेला गेलेत. सहकुटुंब.”

अर्ज प्रलंबित आहे.