खालची बारीक ओळ

— नाही हो, अक्षरन् अक्षर खरं. शपथ घेतो, आपल्या कर्लिंगच्या, या बर्फावर सरकणाऱ्या दगडांची. आता थोडं तिखटमीठ लागलंय, ते सोडा. अळणी खरं कोण ऐकतं? तुमच्या फोनवर ॲपच्या चित्रातला तो दातवाला बीव्हर दिसला म्हणून विषय निघाला. ट्रिनाचं ॲप ना? टाका, टाका, क्लबात नवा आला की तेच टाकतो. पण आधी आमच्या एल्डनचं ऐका — तुमची पाळी यायला वेळ आहे, तिकडे बर्फावर अजून झाडूच चाललेत.

एल्डन म्हणजे इथलाच, या डलूथ गावचा, माझ्याच वयाचा, पोटबीट माझ्यासारखंच. आपल्या क्लबच्या गप्पा ज्या टीम-चॅटवर चालतात ना — कोण कुठल्या संघात, शुक्रवारी मासे तळायला कोण — ते चालवणाऱ्या कंपनीचं फोनवरचं ॲप म्हणजे चिखलातला हत्ती. म्हणून यानं हौसेनं, त्याच गप्पा दाखवणारं, स्वतःचं बांधलं. कंपनीला न विचारता, गॅरेजमध्ये हीटर लावून, दोन हिवाळे खपून. चांगलं झालं? झालं की. एकच खोट — निरोप आला की वाजायचं नाही. म्हणजे वाजायचं, पण मासे संपल्यावर 'मासे तयार' म्हणून. आणि एक दागिना त्यानं घातला होता: प्रत्येक निरोपाखाली बारीक ओळ, 'एल्डनच्या ॲपवरून'. मिरवायला हो, दुसरं काय.

मग ट्रिना हॉक्स्ट्राला सुचलं. शाळेत गणित शिकवते ती. तिनंही बांधलं — एका उन्हाळ्यात! आणि ते वाजतं. वेळेवर. लोक एकेक करून तिकडे सरकले, आणि एल्डनच्या पोटात असं दुखायला लागलं की तळलेला मासा उतरेना. यानंच तिला सुचवलं, तूही खाली ओळ घाल, म्हणजे कळेल कोण किती पाण्यात आहे. तिनं घातली. बिचारी — बिचारी कसली, चांगली पक्की आहे.

तर क्लब ठरवणार होता, नव्या लोकांना कुठलं ॲप सांगायचं. त्या दिवशी सकाळी एल्डननं सगळ्यांसमोर लिहिलं: 'ट्रिनाचं ॲप कच्चं आहे, निरोप गाळतं, मी तर त्याला हातही लावत नाही.' आणि खाली बारीक ओळ — 'ट्रिनाच्या ॲपवरून.'

हसा. हसा हो. का वापरत होता म्हणजे? खेळायला कधी बोलावलं ते माणसाला कळायला नको? आपल्या क्लबातल्या गुंथरनं लगेच लिहिलं, "काय रे एल्डन, घरचं टाकून शेजारणीकडे जेवतोस होय?" आणि संध्याकाळी, माशांच्या रांगेत, भरल्या हॉलमध्ये ट्रिना म्हणाली, "हात लावत नाहीस, मग काय नाकानं लिहितोस?" अख्खा हॉल हसून लोळला. त्या दिवसापासून एल्डन तिच्याशी बोलत नाही. बरोबरच आहे ना? तुम्ही बोलला असतात?

...काय बघताय? बरं, ते नाकाचं मी घातलं. ती हसलीच नाही. झालं असं की दुपारपर्यंत तिनं ॲपची नवी आवृत्ती काढली, आणि ती बारीक ओळच गायब — सगळ्यांच्या निरोपांखालची. गुंथरनं पाहिली तेवढीच. कुणी विचारलं तर म्हणे, जागा अडत होती. रांगेत माझ्या — त्याच्या — ताटात लिंबू ठेवलं आणि पुढे गेली. मग सगळ्यांनी तिचंच ॲप निवडलं, आणि एल्डननंही हात वर केला, काय करणार? हसली असती तर जन्मभर शिव्या देता आल्या असत्या हो, सुखानं. आता कशाच्या जोरावर द्यायच्या?

थांबा — तुमचा नाही, माझा वाजला. बर्फ मोकळा झाला म्हणतायत. आत्ताच, हो, वेळेवर. माझ्या फोनकडे काय बघताय? उठा, तुमची पाळी आली.