नुसता दात म्हण

दाताच्या डॉक्टरांकडे माझ्या समोरच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याचा गाल चांगलाच सुजला होता. आतून यंत्राची घरघर सुरू झाली, तसा तो बायकोकडे सरकला.

"अगं, ते तुझं चालू कर ना."

"काय चालू करू?"

"तेच, रोज सकाळी हात जोडून करतेस ते."

"प्रार्थना? अहो, लग्न झाल्यापासून हसताय मला त्यावरून!"

"हळू बोल. मी मानत नाही, ते कायम आहे. पण तू मानतेस ना? मग तू कर."

"बरं. यांचा दात नीट निघू दे, असं म्हणते."

"माझा उल्लेख नको. नुसता दात म्हण."

"कोणाचा ते नको कळायला? उगाच या समोरच्यांचा निघायचा नीट!"

"मग खालचा, डावीकडचा म्हण."

"आणि बदल्यात काहीतरी सोडावं लागेल. महिनाभर गोड सोडा."

"तू सोड."

"दात तुमचा आणि गोड मी सोडू?"

"मी सोडलं तर मी मानतो असं होईल. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"एवढं तत्त्व प्रसादाच्या लाडवांचे डबे उघडताना कुठे जातं हो तुमचं?"

आतून हाक आली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"केलीस सुरू?"

"केली की, मनातल्या मनात."

"मनात नको. जरा मोठ्याने कर, आत ऐकू येईल इतपत."

"अहो, देवाला मनातलंही ऐकू येतं."

"त्याला येत असेल गं. मला कुठे येतंय!"