सांध्यावरची माती

नर्सरीच्या खिडकीशी रांग होती. खताची पिशवी घ्यायला आलेल्या शिंप्याच्या पुढे फक्त एक मायलेकांची जोडी. पण लेकाचं कलमं बांधणाऱ्या बाईंशी असं काही जुंपलं होतं, की शिंप्याचे कान आपोआप तिकडे लागले.

“ठेंगू म्हणून दिलंत, बाई. सहा वर्षांत सफरचंदाचं झाड छपराच्या वर गेलं!”

“लावताना कलमाचा सांधा मातीबाहेर ठेवला होतात?”

“चार बोटं. मी स्वतः मोजून.”

“मग कुणीतरी माती चढवलीय. खाली ठेंगू जातीचा खुंट, वर उंच जातीची फांदी. खुंटाच्या रक्तातच ठेंगूपणा, तो फांदीला आवरतो. सांधा पुरला की फांदीला स्वतःची मुळं फुटतात. मग ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.”

“पण माती चढवणार कोण? घरात मी आणि आई...”

“मी चढवली.”

“आई!”

“दर वर्षी एक घमेलं. तू कामावर गेलास की.”

“अगं, तू शिडीवरून पडलीस म्हणून तर हाताशी येणारं झाड लावलं!”

“पडले, हाड मोडलं, जुळलं. शिडी मात्र तू दुसऱ्याच दिवशी भंगारात दिलीस. मला विचारलंस?”

“डॉक्टर म्हणाले...”

“डॉक्टरांना म्हणावं, तुमच्या अंगणात लावा ठेंगू.”

“बरं आजी, भांडू नका. रोप बदलून देते.”

“रोप कोण मागतंय? शिडी आहे का तुमच्याकडे?”

“आहे. आठ फुटी.”

“बारा फुटी दाखवा. झाड अजून थांबलेलं नाही.”